ज्वालामुखीचा थंडावा

१२ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच पाया पडतो. जवळून पडायला येत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे ठाऊक आहे. पण आजचं पत्र वाचून तुझा राग निदान संध्याकाळपर्यंत तरी जाईल.

तुझी कॉफी पास झाली. नुसती पास नाही, पहिली आली. आमच्या चाखणीच्या खोलीत लांब टेबलावर बावीस ठिकाणच्या कॉफीचे बावीस पेले मांडले होते आणि कुठला पेला कुठला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागे तुला माझं काम समजावून सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "म्हणजे दिवसभर भुरके मारायचे आणि थुंकायचं? याचा पगार देतात?" देतात. तर असाच भुरके मारत, थुंकत मी चौदाव्या पेल्यापाशी आलो आणि थुंकायचं विसरलो. गिळलीच. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आधी लवंग, मग संत्र्याची साल, आणि घोट उतरल्यावर घशात एक गार झुळूक. आणि ताई, चक्क डोळे भरून आले. चाखणाऱ्याला हे शोभत नाही. रडलं की माझं नाक चोंदतं, आणि नाक चोंदलेला चाखणारा काय कामाचा? शेजारच्या बाईंनी रुमाल दिला आणि स्वतःच्या कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्याबद्दलच असणार.

मग चिठ्ठी उघडली, तर तुमचं बेट! मला मामांच्या मागच्या पडवीची आठवण का झाली, ते तेव्हा कळलं. चार वर्षं राहिलोय मी तिथं, वयाच्या सहाव्यापासून दहाव्यापर्यंत. ती माती माझ्या अंगात भिनलेली असणारच.

लेबलंही मीच लिहितो, कारण कंपनीत पुस्तकं वाचणारा मी एकटाच आहे. तुझं लेबल असं: "एका बेटाची, एकाच डोंगराची कॉफी. विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीतून वर येणारा लवंगेचा दरवळ, समुद्रवाऱ्यात मुरलेली संत्र्याच्या सालीची गोडी, आणि शेवटी ज्वालामुखीचा थंडावा." शेवटचे शब्द वाचून माझ्या अंगावर काटा आला. माझंच वाक्य, माझ्याच अंगावर काटा! कुठवर घसरलोय बघ.

आता कामाचं. आमचे मालक, ज्यांना आम्ही थोरले म्हणतो, त्यांनी शब्द दिलाय. पुढचं पीक चवीला हुबेहूब असंच आलं, तर तुमच्या गटातल्या एकतीस घरांची सगळी कॉफी सलग तीन वर्षं आम्ही घेऊ. नाही आलं, तर नाही. चाखणी वीस नोव्हेंबरला. म्हणून खरंखरं सांग, तुम्ही तिचं करता तरी काय?

मामांना नमस्कार. गुडघे काय म्हणतात? पार्सलाला त्यांचीच गाठ होती. सोडवायला पाव तास लागला, पण कात्री लावली नाही. पोस्टमास्तरांचा भाचा आहे म्हटलं.

तुझा,
नाक्या


४ मार्च

नाक्या,

तुझं पत्र सोमवारच्या बोटीनं आलं आणि मी ते धक्क्यावरच मोठ्यानं वाचलं, कारण एकतीसच्या एकतीस घरं तिथं हजर होती. "गिळलीच" म्हटल्यावर बोटवाल्यानं टाळ्या वाजवल्या. लेबल वाचलं तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग वरच्या रानातल्या म्हाताऱ्या आजोबांनी हळूच विचारलं, "हे कुठल्या बेटाबद्दल आहे?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "ज्वालामुखी विझून हजारो वर्षं झाली. आता थंडावला नाही तर कधी थंडावायचा?" तुझ्या अक्षराला त्यांनी दहापैकी चार दिले आहेत.

काय करता म्हणून विचारतोस. सगळे करतात तेच रे. लाल झालेली फळं तोडायची, साल काढायची, बिया धुवायच्या, उन्हात वाळवायच्या. गेल्या खेपेला फक्त पाऊस लवकर आला आणि पोती ठेवायला कोरडी जागा नव्हती. बाबांची खोली तेवढी कोरडी, कारण गुडघ्यांसाठी तिथं बारा महिने शेगडी पेटलेली असते. मग अकरा पोती चार महिने त्यांच्या खाटेभोवती रचली होती. रोज कुरकुर. "जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं सांभाळली, आता माझंच पार्सल केलंत." आता मात्र गट मिळून नवीन गोदाम बांधतोय. पक्की जमीन, वर फळ्या, जाळीच्या खिडक्या. यंदाचं पीक थेट तिकडे. पोती सुटतील आणि बाबाही सुटतील.

फोन का करत नाही, म्हणून मागे विचारलं होतंस. इथला टॉवर आठवड्यातून तीन दिवस आडवा असतो. शिवाय बाबांचं म्हणणं, फोनवर माणूस तोंडाला येईल ते खोटं बोलतो, पत्रात निदान विचार करून बोलतो. त्यांनी विचारलंय, तू शेवटचा येऊन गेलास त्याला अकरा वर्षं झाली, ती बोट उलटी येत नाही का?

ताई


२० एप्रिल

ताई,

बोट उलटी येते, मामांना सांग. माणूस येत नाही. नोव्हेंबरची चाखणी झाली की नक्की येतो. हे वाक्य मी दरवर्षी लिहितो हे मला माहीत आहे, पण या वेळी महिना तरी घातलाय.

गोदामाचं वाचून जीव भांड्यात पडला. तुझं पत्र वाचताना मात्र मला घाम फुटला होता. अगं, कॉफी मामांच्या खोलीत? कॉफीची बी शेजारच्या कशाचाही वास ओढून घेते. कांद्याजवळ ठेवलीस तर कांद्याची होते, रॉकेलजवळ ठेवलीस तर रॉकेलची. आमच्या नियमांच्या पुस्तकात बाहेरचा वास लागलेली कॉफी म्हणजे सरळ बाद. किती का छान लागेना, पोतं फेकायचं. मामांच्या खोलीत औषधं, तेलं, काय काय असणार! नशीब थोर, म्हणून त्या अकरा पोत्यांना काही लागलं नाही. लागलं असतं तर माझ्या नाकाला लगेच कळलं असतं.

तेव्हा यंदा एक दाणाही त्या खोलीत जाता कामा नये. गोदामात तेल नको, धूर नको, साबण नको. आपल्याला फक्त माती, वारा आणि डोंगर हवाय.

मी नाकानं कांदे सोलतोय असं तुला वाटेल. वाटू दे. नाकाचंच खातो.

नाक्या


३० ऑगस्ट

नाक्या,

गोदाम झालं. तू म्हणालास तसंच सगळं केलंय. यंदाचा नमुना सोबत पाठवते आहे. एकतीस घरं वाट बघताहेत, लवकर कळव.

बाबा ठीक आहेत. चाखणी होईपर्यंत नाक्याला कामाखेरीज काही लिहू नकोस, असं त्यांनी बजावलंय. म्हणून लिहीत नाही.

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

घोळ झालाय.

नमुना भाजला, दळला, चाखला. लवंग नाही. संत्र्याची साल नाही. थंडावा तर नावालाही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखला. मग वाटलं, माझंच नाक गेलं, म्हणून घरी जाऊन कपाटातल्या डांबरगोळ्यांपासून बायकोच्या चपलांपर्यंत सगळं हुंगलं. बायकोनं चपला उचलून परत जागेवर ठेवल्या. लग्नाला बारा वर्षं झालीत, तिला सवय झालीय. नाक शाबूत आहे. चपलांच्या बाबतीत तर जरा जास्तच.

म्हणजे बदललंय ते तिकडे. पाणी तेच आहे का? वाळवण किती दिवस होतं? फळं जरा कच्ची तोडली का? आणि पार्सल चिकटपट्टीनं गुंडाळलं होतं, त्या गोंदाचा वास वेगळाच. मामा गाठ मारायला विसरले की काय? त्यांना म्हणावं, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

चेष्टा सोड. मी थोरल्यांना छातीठोक सांगून बसलोय की हा चमत्कार मातीचा आहे आणि माती काही कुठं जात नाही. चव आली नाही तर माझं हसं होईल, ते ठीक, सवय आहे. पण तुमची तीन वर्षं जातील. दुसरा नमुना ताबडतोब पाठव.

नाक्या


५ ऑक्टोबर

नाक्या,

पाणी तेच, डोंगर तोच, माणसंही तीच. तुझं पत्र आल्यापासून मात्र सगळ्यांना ज्वालामुखी शोधायचं वेड लागलंय. एकानं बिया काळ्या खडकावर वाळवल्या. दुसऱ्यानं समुद्राच्या पाण्यात धुतल्या, त्या चाखायला तुला पाठवणार होते, पण दया आली. वरच्या रानातल्या आजोबांचं मत, गेल्या वर्षी तोडणीच्या वेळी त्यांची बायको माहेरी होती, चव त्यामुळे आली असेल. यंदाही जायला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हीच जा."

नीट निवडलेला नमुना पुन्हा पाठवते आहे. मला दर दोन-तीन दिवसांनी पलीकडच्या बंदरावर जावं लागतं, त्यामुळे पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस. गाठ मला येत नाही. चिकटपट्टी गोड मानून घे.

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

दुसरा नमुनाही तसाच. कॉफी वाईट नाही, पण ती नाही. मी प्रत्येक घोटाला वाट बघतो आणि कुणी येतच नाही.

रागावू नकोस, पण विचारतोच. बाहेरून स्वस्त बी आणून कुणी मिसळतंय का? गोदाम मोठं झालं की ते भरायचा मोह होतो, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तू सारखी बंदरावर कशाला जातेस? तू असं काही करणार नाहीस, पण एकतीस घरं आहेत, कुणाकुणाची खात्री देशील? खरं काय ते लिही. वीस नोव्हेंबरला माझी मान थोरल्यांच्या हातात आहे.

मामांचा तर मार्चनंतर एक टोमणाही आला नाही. त्यांनाही राग आलाय का?

नाक्या


४ नोव्हेंबर

नाक्या,

भेसळ केली का, असं तू मला विचारलंस. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते टपालानं पाठवण्यासारखं नव्हतं.

बाबा आठ जुलैला पडले. गोदामाच्या फळ्या नीट ठोकल्यात का ते बघायला गेले होते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मग छाती भरली आणि अजून ते उठत नाहीत. चार महिने बंदरावरच्या इस्पितळात आहेत. म्हणून मी बंदरावर जाते.

त्याच दिवशी मी तुला लिहायला बसले होते. त्यांनी माझा हात धरला. "नोव्हेंबर होईपर्यंत कळवू नकोस. तो रडेल. रडलं की त्याचं नाक चोंदतं, त्यानंच लिहिलंय. एकतीस घरं त्याच्या नाकावर आहेत." मी ऐकलं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. पण तू भेसळीचं लिहिल्यावर मला ते पोटात ठेवणं जमेना.

आता दुसरं. काल त्यांची कानटोपी आणायला खोलीत गेले. जुलैपासून बंद होती. दार उघडलं आणि तुझा ज्वालामुखी अंगावर आला. खाटेमागे गेल्या वर्षीचं अर्धं पोतं राहिलं होतं. मूठभर बिया हुंगल्या, मग फळीवरची बाटली काढून हुंगली. बाबांचं गुडघ्यांचं तेल. लवंग, संत्र्याची साल आणि कापूर, शेगडीवर उकळलेलं. चार महिने ती अकरा पोती त्या वासात होती. रोज संध्याकाळी पडवीत बसून हेच तेल तू त्यांच्या गुडघ्यांना चोळायचास. चार वर्षं चोळलंस. आणि लागलं असतं तर माझ्या नाकाला लगेच कळलं असतं, असं मला लिहितोस.

मी त्या खोलीत बसून आधी हसले आणि मग हसता हसता रडले.

बाटली अर्धी आहे. चार मुठी बिया तेलाशेजारी ठेवून तुला पाठवल्या, तर वीस तारखेला हुबेहूब तीच चव येईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण तुझ्या पुस्तकात ती कॉफी फेकायची असते. तू सांगशील तसं करते.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

बिया तेलाशेजारी ठेवू नकोस. बाटली घेऊन बंदरावर ये. मी शनिवारच्या बोटीनं निघतोय. चाखणी माझ्याशिवाय होईल.

तू दोन-दोन पत्रं लिहिलीस, त्यांत मामांचा एक टोमणा नव्हता, पार्सलाला गाठ नव्हती, आणि मी विचारत काय होतो तर वाळवण किती दिवस. माझ्याएवढा मठ्ठ माणूस नाकावर पोट भरतो, हे जग कसं चाललंय कुणास ठाऊक.

नाक्या


२६ नोव्हेंबर
बंदरावरचं इस्पितळ

ताई,

सोमवारी तू शेवटच्या तोडणीसाठी परत गेलीस, तेव्हा मामांसमोर जे बोललो नाही ते आता लिहितो. निघायच्या आदल्या दिवशी मी नियमांचं पुस्तक काखेत मारून थोरल्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. बावीस पेल्यांत ज्याला मी पहिलं काढलं तो नियमानं बाद होता. ज्वालामुखीचा थंडावा म्हणजे माझ्या मामांच्या गुडघ्यांचा कापूर. ती कॉफी प्यायलेल्या सगळ्यांचे सांधे बरे झाले असतील तर कंपनीनं दवाखाना काढावा, असंही म्हणालो. हे शेवटचं नसतं बोललो तरी चाललं असतं.

थोरले हसले नाहीत. "नमुना ठेवून जा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता नोकरीही ठेवूनच जायची.

काल त्यांची चिठ्ठी आली. चाखणी झाली. तुझ्या दुसऱ्या नमुन्याला तिसरा नंबर मिळाला, खरोखरचा, माझ्या अश्रूंशिवाय. खाली थोरल्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "गेल्या वर्षीची कॉफी प्यायल्यावर मला छातीला बाम चोळल्यासारखं वाटायचं. पण तुम्ही लेबल असं लिहिलं होतं की बोलायची लाज वाटली." एकतीस घरांची कॉफी तीन वर्षं घेणार आहेत. गटाला आजच सांग, आणि आजोबांना सांग की बायकोला घरातच राहू दे.

चाखायची मला परवानगी आहे. लेबलं लिहायला बंदी. नवीन लेबल त्या रुमालवाल्या बाईंनी लिहिलंय: "बेटाची कॉफी. चव जळक्या साखरेची आणि लिंबाच्या सालीची." बस्स. आधी राग आला. मग तुझा नमुना आठवला. जळकी साखर होती. लिंबाची सालही होती. मी प्रत्येक पेल्यात मामांना शोधत होतो, म्हणून तुमची कॉफी मला दिसलीच नाही. हे मला तिथं बसून कळलं नाही, इथं येऊन कळलं, याची लाज वाटते.

काल संध्याकाळी मामा म्हणाले, "तेल आणलंय ना? मग बघतोस काय?" सिस्टर म्हणाल्या, वास फार आहे, शेजारच्या पेशंटची हरकत नसेल तर लावा. शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर आहेत. त्यांची हरकत नव्हती, अट होती. म्हणून मी चार गुडघे चोळले. मामांचे पाय काटक्यांसारखे झालेत, ताई. गुडघ्याच्या वाटीला हात लागेल तशी बोटं आपोआप फिरत होती, आधी डावा गुडघा, मग उजवा, वरून खाली. बोटांना सगळं आठवत होतं. माझ्या अंगात तेवढीच हुशार निघाली.

सगळ्या वॉर्डात म्हणे घमघमाट सुटला. पार टोकाच्या खाटेवरचा माणूस उठून बसला आणि लवंग कुणी आणली म्हणून विचारू लागला. मामांनी डोळे मिटूनच मला विचारलं, "आला का वास?"

मी म्हटलं, "आला मामा. तोच. पडवीतला."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे फोनवर बोलल्यासारखं बोललास."

म्हणून तुला पत्रात लिहितो, विचार करून. काहीही आला नाही. अकरा वर्षांनी त्या तेलात हात घातला आणि नाक पार बंद आहे. बोटीवर बसलो तेव्हापासून बंद आहे. ते उघडेपर्यंत मी इथून हलत नाही.

नाक्या